शर्यतीच्या मोटारीचे हेड कसे निवडावे

गेल्या दिवाळीत अमेरिकेतून माझ्या भाच्याचे पत्र आले. पत्र म्हणायचे ते जुन्या सवयीने. मजकूर मोबाइलवरच होता. भाचा ओहायो राज्यात नोकरीला आहे. तिकडे त्याने १९७२ सालची एक जुनी शेव्हरोले नोव्हा गाडी घेतली. आठवडाभर तिच्यातून कामावर जावे आणि शुक्रवारी संध्याकाळी शर्यतीच्या पट्टीवर तिला पळवावे, असा त्याचा बेत. वर्षभर साठवलेले पैसे घालून त्याने इंजिनासाठी दोन 'पोर्ट केलेली' हेडे घेतली. म्हणजे ज्यांच्या आतल्या हवेच्या वाटा घासून मोठ्या केल्या आहेत अशी. दोन रविवार खपून ती बसवली आणि पट्टीवर गेला, तर गाडीला आधीपेक्षा तीन दशांश सेकंद जास्तच लागले! गावात तर चौकातून निघताना ती अडखळू लागली. "मामा, वाट मोठी केली, म्हणजे हवा जास्त जायला हवी. मग गाडी मंद का झाली?" असा त्याचा प्रश्न.

प्रश्न मोटारीचा आहे, पण त्याचे उत्तर तुमच्या माझ्या चुलीपाशी आहे. शिक्षक मंडळींना ते वर्गात दाखवताही येईल. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी ही शर्यत काय ते पाहू. सरळ रस्ता, लांबी पाव मैल, म्हणजे १,३२० फूट किंवा सुमारे ४०२ मीटर. दोन गाड्या उभ्या जागेवरून सुटतात. जी आधी पोचेल ती जिंकली. वळण नाही, दुसरा फेरा नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत विमानांच्या ओस पडलेल्या धावपट्ट्यांवर तरुण पोरांनी हा खेळ वाढवला. कॅलिफोर्नियात सांता आना येथे १९५० साली तिकीट लावून अशा शर्यती सुरू झाल्या, आणि १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी 'नॅशनल हॉट रॉड असोसिएशन' ही संस्था काढून खेळाला नियम घालून दिले. आजही तिकडे पुष्कळ पट्ट्यांवर ठरावीक संध्याकाळी कोणीही फी भरून आपली रोजची गाडी पळवू शकतो. माझ्या भाच्यासारख्यांची हौस तीच. एकाच बैलाने आठवडाभर नांगर ओढायचा आणि जत्रेला शंकरपटातही धावायचे! असा बैल निवडताना तुम्ही नुसते त्याचे पाय पाहणार नाही. तो रोज काय काम करतो तेही पाहाल.

आता हेड. शेतावरच्या डिझेल इंजिनाचे हेड उतरवताना तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. सिलिंडरवर बसणारे ते जड झाकण. त्यात दोन व्हॉल्व असतात, एक हवा आत घेणारा आणि एक धूर बाहेर टाकणारा. दोन्ही व्हॉल्वपर्यंत हेडच्या पोटातून वाकडी वाट गेलेली असते. तिलाच पोर्ट म्हणतात. पेट्रोल इंजिनात ठिणगीचा प्लगही हेडमध्येच असतो. व्हॉल्व मिटल्यावर हेडच्या खालच्या अंगाला जी खोलगट जागा उरते, तो ज्वलनकक्ष.

भाच्याचे इंजिन आठ सिलिंडरांचे आहे. चार एका बाजूला, चार दुसऱ्या बाजूला, म्हणून हेडे दोन लागतात. शेव्हरोलेने या घराण्याचे पहिले इंजिन १९५५ च्या गाड्यांत आणले. त्याचे मोठे भावंड, ३५० घन इंचांचे, १९६७ च्या कॅमेरो गाडीत आले. तेच नोव्हात बसले आहे. सिलिंडरचा व्यास ४ इंच, पिस्टनची चाल ३.४८ इंच, आठांची मिळून जागा ५.७ लिटर. हे इंजिन तिकडे इतके पसरले आहे की त्याला बसणारी हेडे जुन्या बाजारापासून नव्या कारखान्यापर्यंत शेकडो मिळतात. म्हणूनच निवडताना माणूस चुकतो.

इंजिन किती हवा खाते याचा हिशेब मुलांकडून करून घ्या. मिनिटाला ६,००० फेरे असले, तर दर दोन फेऱ्यांत एकदा ५.७ लिटर हवा आत, म्हणजे मिनिटाला सुमारे १७ घनमीटर. सहा मीटर लांब, पाच मीटर रुंद, तीन मीटर उंच अशी वर्गखोली ते साडेपाच मिनिटांच्या आत रिकामी करील. आणि एका सिलिंडरला पिस्टन खाली जाताना हवा ओढायला मिळणारा वेळ? सेकंदाचा दोनशेवा भाग. एवढ्या वेळात पाऊण लिटरभर हवा वाकड्या वाटेने आत जायची. तेव्हा वाट अरुंद असून चालत नाही, हे भाच्याचे म्हणणे खोटे नव्हे.

पण आता चुलीपाशी चला. फुंकणीने फुंकले की निखारा फुलतो. तीच फुंक मनगटाएवढ्या जाड बांबूतून मारून पाहा. छातीतली हवा तेवढीच, जोर तेवढाच, पण निखाऱ्याला काही कळतच नाही. वाट रुंद झाली की वेग मरतो. वर्गात चूल नसली तर कागदाच्या दोन सुरळ्या करा, एक बोटाएवढी आणि एक मुठीएवढी. हातभर अंतरावर कागदाचे कपटे ठेवा आणि फुंका.

इंजिनाला वेग कशाला हवा? पहिले कारण पेट्रोल. जुन्या गाडीत कार्बोरेटर असतो. त्यातून पेट्रोलचे बारीक थेंब हवेवर स्वार होऊन जातात. हवा सावकाश चालली की थेंब वाटेच्या भिंतीला चिकटतात, खाली ओघळतात. मग एका सिलिंडरला पेट्रोल कमी, दुसऱ्याला जास्त. गाडी चौकात अडखळते ती बहुधा इथे.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. पिस्टन तळाला पोचला तरी आत घेणारा व्हॉल्व लगेच मिटत नाही. पिस्टन परत वर निघाल्यावर काही वेळाने तो मिटतो. वेडेपणा वाटेल, पण त्यात हिशेब आहे. उतारावरून भरधाव येणारी बैलगाडी कासरा ओढला तरी जागच्या जागी थांबत नाही. तशीच वेगात असलेली हवा पिस्टन उलटा फिरल्यावरही आत घुसतच राहते आणि सिलिंडर ठासून भरते. हवेला वेग नसला, तर नेमके उलटे होते. वर येणारा पिस्टन आत आलेली हवा परत वाटेत ढकलतो.

आता आकडे घ्या. तिकडच्या बाजारात या इंजिनाची हेडे आत घेणाऱ्या वाटेच्या घनफळावर ओळखली जातात. वाटेत पाणी ओतून मोजलेले घनफळ १८०, १९५, २१०, २२७ घन सेंटिमीटर, असे. भाच्याने २२७ घेतले होते. का? तर सगळ्यांत मोठे परवडले ते! वाटेची लांबी सुमारे सव्वापाच इंच धरा. १८० च्या वाटेचा छेद सरासरी २.१ चौरस इंच येतो, २२७ चा २.६ च्या वर. इंजिन मिनिटाला २,४०० फेऱ्यांवर असताना लहान वाटेत हवेचा सरासरी वेग सेकंदाला ४२ मीटर, तर मोठ्या वाटेत ३४. सहा हजार फेऱ्यांवर तोच १०६ आणि ८४. म्हणजे लहान वाटेला ६,००० फेऱ्यांवर जो वेग मिळतो, तो मोठ्या वाटेला मिळवायला इंजिन ७,५०० फेऱ्यांपर्यंत न्यावे लागेल. पन्नास वर्षांपूर्वीचे घरगुती गाडीतले क्रँक आणि रॉड तिथे नेले, तर शर्यत राहील बाजूला, रॉड ब्लॉक फोडून बाहेर येईल.

मी २,४०० हा आकडा उगाच घेतलेला नाही. भाच्याच्या गाडीच्या मागच्या आसाचा गिअर ३.०८ चा आहे, चाक २६ इंची. वरच्या गिअरमध्ये ताशी ६० मैलांनी, म्हणजे सुमारे ९७ किलोमीटरने जाताना इंजिन बरोबर तेवढेच फिरते. गावात त्याहूनही कमी. शर्यतीवाले मागे ४.१० चा गिअर टाकतात. मग त्याच वेगाला जवळजवळ ३,२०० फेरे होतात, गाडी जोरात सुटते, पण रोजच्या प्रवासात कान किटतात आणि पेट्रोल प्यायला सुरुवात. तेव्हा हेड विकत घेण्याआधी मी भाच्याला पहिला प्रश्न विचारला तो हा की, "अरे, तुझं इंजिन दिवसातला बहुतेक वेळ किती फेऱ्यांवर असतं?" त्याला सांगता येईना. आठवडाभर काट्याकडे बघून लिहून ठेव म्हटले. उत्तर आले, दीड हजार ते तीन हजार. पट्टीवर मात्र चौदा-पंधरा सेकंद तेवढे साडेपाच हजारांपर्यंत.

विकणारा जो कागद देतो तो कसा वाचायचा, हेही आता पाहू. हेडची वाट एका यंत्रावर जोडून तिच्यातून ठरावीक दाबाने हवा ओढतात आणि मिनिटाला किती घनफूट गेली ते मोजतात. दाब पाण्याच्या उंचीत सांगतात. बहुतेक जण २८ इंच पाण्याचा दाब वापरतात, पण काही जण १० इंचांवरही मोजतात. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. म्हणून १० इंचांवर १५० घनफूट देणारे हेड २८ इंचांवर २५० च्या आसपास देते. दाब विचारल्याशिवाय दोन आकड्यांची तुलना करणे म्हणजे पायलीची शेराशी तुलना. पुन्हा, हा आकडा व्हॉल्व किती उघडा असतानाचा? भाच्याच्या कागदावर ०.७०० इंच उघडल्यानंतरचा प्रवाह ठळक छापला होता. त्याचा कॅम व्हॉल्व उचलतो ०.४८० इंच! म्हणजे ज्या दारातून तो कधी जाणारच नाही त्याची रुंदी पाहून त्याने पैसे मोजले. शिवाय व्हॉल्व पूर्ण उघडतो क्षणभर एकदाच. अर्ध्या उंचीवरून मात्र तो दोनदा जातो, उघडताना आणि मिटताना. म्हणून ०.२०० ते ०.४०० इंचांवरचे आकडे माझ्या मते आधी पाहावेत. ते नसलेला कागद परत द्यावा.

वर्कशॉपवाल्यांचा एक ठोकताळाही सांगून ठेवतो. २८ इंचांवरच्या घनफुटांना ०.२५७ ने गुणा, मग सिलिंडरांच्या संख्येने गुणा. बाकी सगळे उत्तम असेल तर वरची हद्द म्हणून तेवढी अश्वशक्ती. उलटा हिशेब केला, तर ४०० अश्वशक्तीला एका वाटेतून १९५ घनफूट पुरतात. रोजच्या वापराच्या नोव्हाला ४०० म्हणजे चैन झाली. चांगल्या केलेल्या १८० च्या हेडमधून एवढी हवा आरामात जाते.

'चांगले केलेले' म्हणजे कसे? इथे मला जरा जास्त बोलू द्या, कारण मी तांत्रिक शाळेत मुलांना हेच काम शिकवले आहे. पोर्टिंग म्हणजे ग्राइंडर घेऊन सगळीकडून घासत सुटणे नव्हे. हवेला खरी अडचण व्हॉल्वच्या अगदी जवळ होते, सीटखालच्या वाटीएवढ्या भागात. ओतकामात तिथे कंगोरे राहतात, ते काढायचे. सीटचा मुख्य कोन बहुधा ४५ अंशांचा. त्याच्या वर ३० चा आणि खाली ६० चा उतार दिला की हवा पायरीवरून ठेचकाळत नाही. एवढे काम नीट झाले तर निम्मी लढाई जिंकली. मग वळणाची आतली कड. पाटाचे पाणी काटकोनात वळवून पाहा; आतल्या कोपऱ्यापाशी पाणी काठ सोडते आणि भोवरा होतो. हवेचेही तेच. ती कड गोल हवी, आणि तिथला धातू हावरेपणाने खाली घासला तर प्रवाह वाढायच्या ऐवजी बिघडतो. आमच्या एका विद्यार्थ्याने उत्साहाच्या भरात जुन्या लोखंडी हेडची वाट इतकी घासली की भोक थेट पाण्याच्या पोकळीत पडले. हेड भंगारात गेले. मुलगा दोन दिवस शाळेत आला नाही.

आरशासारखी चकाकी पाहून तर मुळीच भुलू नका. आत घेणाऱ्या वाटेला थोडा खरखरीतपणा असलेला बरा. चिकटलेले पेट्रोल त्यावरून पुन्हा उचलले जाते. धुराची वाट गुळगुळीत केली तर काजळी कमी बसते, तिथे हरकत नाही. हल्ली एखाद्या कसबी कारागिराने हाताने केलेली वाट मोजून घेतात आणि संगणकावर चालणारे यंत्र तशीच वाट प्रत्येक हेडमध्ये कोरते. त्यामुळे आठही वाटा सारख्या निघतात, हा मोठा फायदा. मूळ कारागिराचे डोके चांगले हवे, एवढेच. नाहीतर चूकही आठ ठिकाणी सारखीच!

आता ज्वलनकक्ष. याकडे दुर्लक्ष होते म्हणून सांगतो. १९७० च्या दशकातल्या या इंजिनांच्या हेडमध्ये कक्ष पुष्कळदा ७६ घन सेंटिमीटरचा असे. एका सिलिंडरची जागा ७१६ घन सेंटिमीटर; गॅस्केट, पिस्टनवरच्या खाचा वगैरे मिळून १९ धरले, तर हवा साडेआठ पटीने दाबली जाते. कक्ष ६४ चा घेतला की दाब साडेनऊ पटीच्या वर जातो. तेवढ्या फरकाने खालच्या फेऱ्यांवरसुद्धा गाडीत जीव येतो. मात्र याहून फार वर गेले तर साध्या पंपावरचे पेट्रोल ठोके देऊ लागते.

जुन्या बाजारातली 'पोर्ट केलेली' लोखंडी हेडे स्वस्त असतात, पण त्यात एक फसगत असते. १९७० च्या दशकाच्या आरंभापर्यंतची हेडे शिशाच्या पेट्रोलसाठी केलेली. धुराच्या व्हॉल्वची सीट कडक केलेली नसे, शिसेच तिचे संरक्षण करी. अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांसाठी शिशाचे पेट्रोल १९९६ च्या जानेवारीपासून पूर्ण बंद झाले. आपल्याकडे २००० च्या फेब्रुवारीपासून. आता अशी सीट हळूहळू झिजून व्हॉल्व आत रुततो. तिथे कडक सीट बसवून घ्यावी लागते, भेगा पडल्या नाहीत ना ते चुंबकीय भुकटीने तपासावे लागते. हा खर्च मिळवला की स्वस्त हेड स्वस्त राहत नाही. कमी पैशांत ज्याला भागवायचे आहे त्याने १९९६ पासून शेव्हरोलेच्या ट्रकांत आलेली 'व्होर्टेक' हेडे पाहावीत. कक्ष ६४ चा, वाट सुमारे १७० ची, हातही न लावता बरी हवा देतात. फक्त त्यांना वेगळा मॅनिफोल्ड लागतो, आणि व्हॉल्व ०.४६० इंचांच्या फार वर उचलायचा झाला तर आतली जागा वाढवून घ्यावी लागते. ॲल्युमिनियमची हेडे वजनाला लोखंडाच्या जवळपास निम्मी आणि दुरुस्तीला सोपी; पैसे मात्र जास्त.

कायद्याचे एक वाक्य. कॅलिफोर्नियात १९७५ पर्यंतच्या गाड्यांना धुराच्या नियमित तपासणीतून सूट आहे, नंतरच्या गाड्यांना बदललेल्या भागाची सरकारी परवानगी दाखवावी लागते. आपल्याकडे तर मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम गाडीच्या मूळ रचनेत मनमानी फेरफार करू देत नाही, तेव्हा हे वाचून कोणी घरच्या जीपचे हेड उतरवू नये, बरं का.

भाच्याने ती मोठी हेडे तोट्यात विकली. ज्याला विकली त्याचे इंजिन मोठे होते आणि गाडी फक्त पट्टीवरच पळायची; त्याच्याकडे तीच हेडे उत्तम चालतील. चूक हेडांची नव्हतीच. स्वतःसाठी भाच्याने १८० ची ॲल्युमिनियमची जोडी घेतली, कक्ष ६४ चा. ०.४०० इंचांवरचा प्रवाह विकणाऱ्याकडून लिहून घेतला, २८ इंचांच्या दाबाचा. मागचा गिअर बदलायचा मोह मी त्याला एक हंगाम आवरायला सांगितला आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर कशाने काय झाले ते कळत नाही.

हेडे चढवण्याआधी एक तपासणी मात्र त्याच्याकडून करून घेतली. नव्या हेडमध्ये व्हॉल्व थोडा इकडे तिकडे असला, तर उघडताना पिस्टनवर आपटू शकतो. म्हणून मुलांच्या खेळण्यातली मऊ माती पिस्टनच्या डोक्यावर थापायची, हेड गॅस्केटसह बसवून घट्ट करायचे, कॅम, पुशरॉड जोडायचे आणि इंजिन पान्याने हळूहळू दोन पूर्ण फेरे फिरवायचे. कुठे अडले तर जोर लावायचा नाही. मग हेड उतरवून माती सुरीने कापायची आणि सर्वांत पातळ जागी जाडी मोजायची. हवेच्या व्हॉल्वपाशी निदान ०.०८० इंच हवी, धुराच्या व्हॉल्वपाशी ०.१०० इंच. फेब्रुवारीत एका रात्री त्याचा फोटो आला. कापलेल्या मातीशेजारी मोजपट्टी, आणि खाली लिहिलेले, "मामा, ०.११० आणि ०.१२५." ओहायोतली पट्टी हिवाळ्यात बंद असते, ती उघडायला अजून सहा आठवडे होते.